बेदरची वाट

काही दुखणी अशी असतात की वैद्याची चाहूल लागताच ती मागच्या दाराने पसार होतात. रात्रभर कण्हत असलेले पोर सकाळी दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवावे, तो ते टुणकन उडी मारून खाली उतरते आणि भिंतीवरच्या तक्त्यातल्या सांगाड्याकडे बोट दाखवून हसू लागते. डॉक्टर थर्मामीटर झटकतात आणि म्हणतात, "याला तर काहीच नाही!" आईबापांची अवस्था मात्र चोरासारखी होते. दाढदुखीची तऱ्हाही हीच. माणसाच्या बाबतीत हा अनुभव कोणाला नाही? पण यंत्रालाही असले लबाड दुखणे जडते, ते थंडीत मवाळ होते आणि उन्हाळ्यात चवताळते, आणि त्याची खरी खूण एका एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या कानांना सर्वांच्या आधी पटते, हे मी २०२४ च्या मे महिन्यात माझ्याच घरात पाहिले.

आमच्या घरी एक जुना टेपडेक आहे. आतच अॅम्प्लिफायर, दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर, आणि पुढे चांदीच्या रंगाची बटणे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो १९८६ साली घेतला. नाना पोस्टात कारकून. दिवसभर मनीऑर्डरी आणि रजिस्टरे यांत मान घालून बसणारा हा अबोल माणूस श्रावणात आणि रामनवमीला डोक्याला पगडी घालून देवळात उभा राहिला की निराळाच होई. नाना कीर्तन करीत. बिदागी घेत नसत. नारळ तेवढा घरी येई आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी होई. १९८९ च्या श्रावणात त्यांची कीर्तने टेप करून ठेवायची असे कोणीतरी मनावर घेतले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि लाल बटण दाबण्याचे काम माझ्याकडे होते. अशा अकरा कॅसेटी भरल्या. नाना २००६ साली गेले. तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर आई टेपडेकसमोर पाट मांडून बसते आणि एक बाजू ऐकते. एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटे.

त्या अकरांत तिची विशेष आवडती म्हणजे दामाजीपंतांच्या आख्यानाची. एका बाजूला पूर्वरंग, दुसऱ्या बाजूला उत्तररंग. पूर्वरंगात नाना अभंगाचे निरूपण करतात. पण आई मनातल्या मनात त्या दुसऱ्या बाजूकडे डोळे लावून असते. मंगळवेढ्यात दुष्काळ पडतो, माणसे झाडपाला खाऊ लागतात, दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे कोठार उघडून धान्य वाटतात, मग शिपाई येतात, बेड्या पडतात आणि बेदरची वाट सुरू होते. पुढची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

२०२४ च्या सुरुवातीला यंत्राला हा आजार जडला. कीर्तन मध्येच खरखरे, आवाज बारीक होई, जणू नाना बोलता बोलता मागे मागे सरकत माजघरात गेले आहेत. आणि मग सगळे शांत. कॅसेट आपली फिरतच राही. दिवा जळत राही. आवाज तेवढा नाही. बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा लावावे, तर नाना पुन्हा ठणठणीत! मात्र या खेपेस ते आणखी लवकर थकत. असे तुकडे तुकडे करून ऐकावे, असे मी आईला सुचवले. ती म्हणाली, "निजलेल्या माणसाला हलवून उठवायचं आणि म्हणायचं, चला, पुढची गोष्ट सांगा. असं करतात का रे?"

दुसरे एखादे यंत्र वापरण्याची वाट तिने आधीच बंद केली होती. शेजारच्यांच्या लहानशा प्लेअरमध्ये एक कॅसेट गुंतली होती आणि तिची दोन हात फीत शेवयांसारखी बाहेर आली होती. त्या दिवसापासून कॅसेटी घराबाहेर न्यायच्या नाहीत, असा हुकूम निघाला. माझ्या मुलीने त्या सगळ्या मोबाइलवर उतरवून घ्यायचे ठरवले होते. तिच्याकडे अकरा कीर्तनांचे अकरा तुकडे जमले. एकालाही शेवट नाही. फीत पस्तीस वर्षांची. ती आणखी किती वर्षे अंगावरचा भुरा धरून ठेवील याची खात्री कोण देणार?

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी यंत्र बंद पडले तेव्हा आई पाटावरून उठता उठता सहज म्हणाली, "थंडीत हे दामाजीपंतांना पार पंढरपुरापर्यंत नेत होते. होळी झाली तशी मंगळवेढ्याची वेस ओलांडेनात. आणि आता तर कोठारच उघडत नाहीत."

मी मराठीचा मास्तर. कादंबऱ्या लिहितो. माझे विज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापाशी थांबलेले. पण या वाक्यात काहीतरी आहे, एवढे मला कळले. मी घड्याळ लावून बघितले. जानेवारीत जो प्रसंग पस्तिसाव्या मिनिटाला येत होता, तिथवर यंत्र पोचत होते. आता ते अठराव्या मिनिटाला मान टाकत होते. आईजवळ घड्याळ नव्हते, पण तिने सगळा हिशेब मुक्कामांत ठेवला होता.

वाईच्या बाजारपेठेत, गल्लीच्या तोंडाशी, एक दुकान आहे. दुकान कसले, जिन्याखालची जागा. तिथले गृहस्थ सत्तरीच्या घरात आहेत. गाव त्यांना रेडिओकाका म्हणते. एसी १२८ नावाचे पत्र्याच्या टोपणातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर घालून रेडिओ दुरुस्त करण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आता लोक मिक्सर आणि इस्त्र्या आणून देतात. शाळेला मेची सुट्टी लागली होती. मी टेपडेक रिक्षात घालून त्यांच्याकडे नेला.

काकांनी झाकण काढले, फुंकर घातली, स्वतःजवळची एक सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावली आणि एका मिक्सरचे पाते सोडवीत बसले. कॅसेटची एक बाजू संपली, दुसरी संपली. खरखर नाही, काही नाही. दवाखान्याच्या बाकावरचे पोर हसत होते.

"याला तर काय झालं नाय, सर."

मग मी त्यांना आईचे मुक्काम सांगितले. पंढरपूर, मंगळवेढ्याची वेस, कोठार. ते ऐकताना काकांनी पाते खाली ठेवले. "थंडीत लांब जातं म्हणता? मग हे उष्णतेचं हाय." त्यांनी यंत्राकडे नव्या नजरेने पाहिले. "आणि मी बसलोय झाकण काढून! वारा लागतोय त्याला. आजारी पडंल कसं?"

या जातीच्या दोषातली खरी मेख हीच आहे. बघायला म्हणून झाकण उघडावे, तर उघडण्यानेच दोष लपतो. बंद पेटीत आतली हवा तापते; उघड्या पेटीत ती निघून जाते. तेव्हा आधी रोग आणावा लागतो, मग शोधावा लागतो. काकांनी खोक्यांच्या ढिगातून एक पुठ्ठ्याचे खोके काढले, त्याला हात जाईल एवढे भोक पाडले आणि ते यंत्रावर पालथे घातले. बाराव्या मिनिटाला गाणे मेले. काकांना झालेला आनंद पाहून वाटेने जाणाऱ्या माणसाचा काही निराळाच समज झाला असता.

घरी येऊन मी ही हकीकत सांगितली. आई आत गेली, आणि जिने कॅसेटी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत असे फर्मावले होते तिनेच दामाजीपंत माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "हीच लाव म्हणावं त्यांना. कुठे थांबतं ते त्यांनाही कळू दे."

पुढले आठ-दहा दिवस मी रोज सकाळी त्या जिन्याखाली एका स्टुलावर बसत असे. मला तिथे काही काम होते असे नाही. पण उठवत नव्हते. रहस्यकथा लिहिणाऱ्या आमच्या मंडळींनी एकदा तरी अशा दुकानात बसावे. संशयित पाऊणशे, सगळे एकाच प्लेटीवर शेजारी शेजारी उभे, आणि गुन्हा घडतो तो फक्त अंगाचा घाम फुटल्यावर!

काकांची पहिली युक्ती पाटकऱ्याची होती. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नसेल तर शहाणा माणूस विहिरीपासून चालत सुटत नाही. तो मध्यावर जाऊन बघतो. आवाज मेल्यावर काकांनी आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाच्या मागल्या टोकाला, वीजपुरवठ्याच्या भागापासून हात दूर ठेवून, बारीक पेचकस लावला. स्पीकरमधून 'हूं' असा हुंकार आला. म्हणजे बटणापासून स्पीकरपर्यंतचा निम्मा पाट वाहता होता. दोष त्याच्या अलीकडे. फितीवरचा नाजूक आवाज प्रथम जिथे मोठा होतो त्या भागात. एका हुंकारासरशी निम्मे संशयित सुटले.

उरलेल्यांसाठी उष्णता आणि थंडी. काकांनी पुतणीचा केस वाळवायचा ड्रायर आणला होता. जाड पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून ते त्यातून एकेका जागी गरम वारा सोडत. पुठ्ठा नसला तर सगळी आळीच तापते आणि चोर कोण ते कळत नाही. आणि गारव्यासाठी शेजारच्या मोबाइलवाल्याकडून त्यांनी एक फवाऱ्याचा डबा मागून आणला. त्यातून निघणारा द्रव उडून जाताना इतकी उष्णता ओढून घेतो की ज्यावर तो पडतो त्यावर भर मे महिन्यात पांढरे दव धरते. वाईच्या उन्हात, बेचाळीस पैशांच्या त्या काळ्या पोटाच्या ट्रान्झिस्टरवर बर्फ जमलेले बघून मला नातवंडासारखा हर्ष झाला. (बेचाळीस पैसे हा त्याचा कधीकाळचा भाव, असे काका म्हणतात.) फवारा पडला आणि नाना एकदम बोलू लागले: "तेव्हा दामाजीपंत काय म्हणतात..."

"घावला!" काका म्हणाले.

ट्रान्झिस्टरवर पहिला संशय यावा यात नवल नाही. ती जातच उष्णतेला हळवी. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर एक अंशाने तापला की त्याला जागे करायला लागणारा दाब व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजला तर सुमारे दोनाने उतरतो. वीस अंश तापला तर चाळिसाने. फितीवरून येणारा आवाज व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे ही रक्कम किती मोठी ते कळेल. म्हणून नीट आखलेल्या सर्किटमध्ये त्याला आवर घालणारे रेझिस्टन्स आजूबाजूला बसवलेले असतात. खोडकर मुलाच्या दोन्ही बाजूंना आपण शांत मुले बसवतो, तसे. जर्मेनियमची गोष्ट याहून वाईट. त्यातून चोरटा प्रवाह झिरपतो, तो उष्णतेबरोबर भराभर वाढतो, आणि साधारण पंचाहत्तर अंशांपलीकडे त्याचा भरवसा धरता येत नाही. सिलिकॉन दीडशेपर्यंत तग धरते.

यावरून एक मौजेची हकीकत आहे. १० मे १९५४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी तज्ज्ञांची एक परिषद भरली होती. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर विकत मिळायला अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे एकामागून एक वक्ते सांगत होते. मग टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे गॉर्डन टील उठले. त्यांच्याजवळ सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर तयार होते. त्यांनी ग्रामोफोन लावला. त्याच्या अॅम्प्लिफायरमधला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवला, तशी तबकडी फिरत राहिली पण गाणे मेले. त्याच्या जागी सिलिकॉनचा लावून तोही तेलात बुडवला, गाणे चालूच! सभेतली माणसे टेलिफोनकडे धावली म्हणतात. दिवाळीत कढईपुढे बसलेल्या माणसाला या प्रयोगाचे मर्म पटकन कळेल. मी ही गोष्ट काकांना सांगितली. ते म्हणाले, "माझ्या दुकानात सत्तर सालानंतर किती एसी १२८ असेच गेले. तेलाची गरज नव्हती. रेडिओ खिडकीत उन्हात ठेवला की बास."

तर काकांनी तो ट्रान्झिस्टर काढला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी आणून ठेवलेल्या पुडीतला नवा बसवला. यंत्र संध्याकाळभर चालले. दुसऱ्या दिवशी खोके पालथे घातले. बाराव्या मिनिटाला नाना पुन्हा गप्प.

काका खट्टू झाले नाहीत. त्यांनी विडी पेटवली आणि बराच वेळ प्लेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फवारा मारला त्याच्यावर, पण थंडी शेजाऱ्यालाबी वाजली की. खरं दुखणं शेजाऱ्याचं असंल." त्यांनी फवाऱ्याचा डबा परत पाठवला आणि काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, तो स्पिरिटमध्ये बुडवून, एकेका भागाला टेकवायला सुरुवात केली, तेही यंत्र सुरू असताना नाही, प्रत्येक वेळी बंद करून, कारण स्पिरिट पेट घेते. हे काम किती सावकाश चालते याची कल्पना द्यायची तर, मी शेजारी बसून दहावीच्या चाळीस उत्तरपत्रिका तपासल्या असत्या आणि वर बेरजा पडताळून पाहिल्या असत्या.

मध्येच कोणी गिऱ्हाइकाने सल्ला दिला: झाकण काढून टाका आणि वर टेबलफॅन लावा, कशाला त्रास? काका उखडले. "उघड्या पेटीत दोनशे तीस व्होल्ट. यांच्या घरात म्हातारी आई आणि मांजर. आणि यंदा पंख्यावर भागंल. पुढच्या साली बर्फाची लादी ठेवाल का त्याच्यावर?"

स्पिरिटनेही निकाल लागेना, तेव्हा त्यांनी मला कामाला लावले. हाही प्रकार मोठा शहाणपणाचा होता. ज्या भागात दोष आहे त्याला चालायला बारा व्होल्ट लागतात. त्या बारा व्होल्टांच्या तारेवर त्यांनी मीटर लावला, खोके पालथे घातले आणि मला सांगितले, "सर, तुम्ही हजेरी घ्या." मी शाळेची रोजनिशी काढली आणि दर मिनिटाला आकडा टिपत गेलो. पहिल्या मिनिटाला १२.१. पाचव्याला १२.१. नवव्याला १२. दहाव्याला १२. बाराव्या मिनिटाला ११.८, आणि मी मान वर करतो तो ३.९! त्याच क्षणी नाना थांबले. काकांनी बांबूची एक काडी आत घालून प्लेटीवर हळूच टिचकी मारली. आकडा टुणकन १२ वर. नाना पुढे बोलू लागले. पुन्हा टिचकी, पुन्हा ४.

"ट्रान्झिस्टर बिचारा उपाशी होता," काका म्हणाले. "आपण त्यालाच बदलून ऱ्हायलो."

त्या बारा व्होल्टांची वाट एका जाड्या रेझिस्टन्समधून जाते. मुख्य पुरवठा मोठा. या नाजूक भागाला थोडा हवा. मधला फरक हा रेझिस्टन्स स्वतःच्या अंगावर घेतो आणि उष्णता म्हणून बाहेर टाकतो. म्हणजे तापणे हेच त्याचे काम. तो त्या ट्रान्झिस्टरपासून बोटभर अंतरावर प्लेटीला पोट टेकवून पडलेला होता. काकांनी प्लेट उलटी केली, भिंग माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बघा, दिसतं का."

तांब्याच्या पट्ट्यावर रेझिस्टन्सचा पाय जिथे खालून बाहेर येतो तिथे डाखाचा एक चकाकता ठिपका होता. डाख, म्हणजे दुकानातल्या भाषेत सोल्डर. आणि त्या ठिपक्यात, पायाभोवती, केसापेक्षा बारीक असे एक काळे वर्तुळ. नखावर पडलेल्या चंद्रासारखे, पण पूर्ण. पाय डाखात उभा दिसत होता. प्रत्यक्षात तो त्याला टेकून होता इतकेच. दुरुस्तीवाले याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. थंड असताना दोघे अंगाला अंग लावून असत आणि वीज जाई. तापले की फारकत.

हे कशाने झाले? तांब्याची एक मीटर तार एका अंशाने तापली तर मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या भागाएवढी लांबते. डाख त्याहून जास्त लांबतो आणि प्लेट आपल्या जाडीत याहूनही जास्त फुगते. ठिपक्याएवढ्या जागेत हा फरक डोळ्यांना दिसणार नाही असा. पण तिघांना एकत्र बांधले आहे आणि तिघांची वाढ सारखी नाही. मग ओढाताण आलीच. दर संध्याकाळी यंत्र तापे, पाऊण तासाने निवे. मी मनात हिशेब केला. २००६ पासून रोज एकदा म्हटले तरी सहा हजारांवर वेळा! लोखंडी तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवून तोडतात, तसा तो डाख आईच्या सहा हजार संध्याकाळींनी तोडला होता. हे मी काकांना बोललो नाही. ते भिंग पुसत होते.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. जुना डाख तापवून शोषून काढला. रेझिस्टन्सचा पाय काळवंडला होता तो पात्याने खरवडून लख्ख केला. राळ लावली; तिचा धूर निघाला, आणि देवळातल्या धुपासारखा तो वास जिन्याखाली कोंडून राहिला. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसे यांचा डाख एकशे त्र्याऐंशी अंशांना वितळतो. तो तारेच्या टोकाशी चमकला, पायाभोवती धावत गेला आणि स्थिर झाला. पण काकांचा खरा हात मला दिसला तो पुढे. त्यांनी रेझिस्टन्स पूर्वीसारखा प्लेटीवर निजवला नाही. पाय लांब ठेवून करंगळीभर उंच उभा केला. "खालनं वारा खेळू दे. म्हणजे परत चटका बसायचा नाय." कारखान्यातून निघताना कोणी एवढा विचार केला असता तर यंत्र थोडे बुटके राहिले नसते, पण हे दुखणेही आले नसते.

मग खोके पालथे घातले. त्यावर काकांनी पोते घातले. बारावे मिनिट आले आणि गेले. मीटरवर १२.१. मी पैसे विचारायला तोंड उघडले, तर काकांनी हात वर करून गप्प बसवले. ते पुढे झुकून ऐकत होते. गेले आठ-दहा दिवस त्यांनी दामाजीपंतांची पहिली बारा मिनिटे इतक्यांदा ऐकली होती की नाना कुठे श्वास घेतात तेही त्यांना पाठ झाले होते. पण त्यापुढे काही नाही. दुष्काळ पडतो, माणसे झाडपाला खातात, आणि संपले.

कोठार उघडले. मंगळवेढ्याची वेस गेली. पंढरपूर आले, दामाजीपंत बेड्यांसकट राउळासमोर उभे राहिले. दुकानात एक बाई इस्त्री घेऊन आल्या. काकांनी त्यांना खुणेनेच बसायला सांगितले, आणि त्याही बसल्या. बेदरच्या दरबारात विठू महार खांद्यावर घोंगडी टाकून, हातात काठी घेऊन शिरला, तेव्हा जिन्याखालच्या त्या जागेत आम्ही पाच जण होतो.

मजुरी दीडशे रुपये झाली. ट्रान्झिस्टरचे पैसे काकांनी लावले नाहीत. जुना बरा होता, तो त्यांनी पुडीत टाकून ठेवला.

त्या संध्याकाळी घरी टेपडेक जागेवर ठेवला. मुलीने मोबाइल जोडून तयार ठेवला होता. आईने पाट मांडला. कोठाराशी ती जरा सावरून बसली, वेशीपाशी तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि पुढे कोणाकडेच पाहिले नाही. दरबार झाला. आरती झाली. टाळ थांबले. मग फितीवर कोणी खोकले, सतरंजी गुंडाळल्याचा आवाज आला, आणि नाना कीर्तनातल्या नव्हे, पोस्टातल्या आवाजात म्हणाले, "अरे, बंद कर ते आता. कॅसेट फुकट जातेय." त्यावर एका पोराचा, माझा, आवाज: "हो." आणि खट्.

आई म्हणाली, "पैशाचं त्यांचं हे असंच." मग गुडघ्यावर हात ठेवून ती थोडी पुढे सरकली आणि म्हणाली, "दुसऱ्या बाजूचा पूर्वरंगही लाव. पेटीवाला त्या दिवशी फार बेसूर होता. तुझ्या लेकीला ऐकू दे."